अ‍ॅक्युरेलची ४० फुटी पोलादी बॉक्सकार: किट भरवशाचं, पण रंगाआधी तारखा वाचा

एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, १९५० च्या दशकातली अमेरिकी मालगाडी उभी करायची तर ४० फुटी बॉक्सकारला पर्याय नाही. धान्य, कागद, डबाबंद अन्न, यंत्रांचे सुटे भाग असा बहुतेक बंदिस्त माल तेव्हा याच वाघिणींतून जायचा. इलिनॉय राज्यातल्या एल्बर्न गावची अ‍ॅक्युरेल कंपनी या वाघिणीचं किट वीस-पंचवीस डॉलरांच्या घरात विकते. सगळे बारकावे लावलेलं तयार मॉडेल घ्यायला गेलं तर त्याच्या दुप्पट किंवा जास्तच मोजावे लागतात.

मत आधीच देतो. ज्याला एका ठरावीक सालातली, ठरावीक वयाची वाघीण हवी आहे, त्याने तयार मॉडेलपेक्षा हे किट घ्यावं. याच्या उणिवा नेमक्या कुठे आहेत ते ठाऊक आहे, त्या हाताने काढता येतात आणि काही बिघडलंच तर नुकसान परवडतं. गंज आणि धुळीचं काम मात्र वाघिणीच्या अंगावर छापलेल्या तारखा वाचून मगच सुरू करावं. सात वर्षांच्या वाघिणीवर तीस वर्षांचा गंज चढवला, तर कारागिरी कितीही सुबक असली तरी जाणकाराच्या नजरेला ती खटकतेच.

खोक्यात दोन्ही बाजू, टोकं आणि छत मिळून एकसंध बॉडी येते. रंग आणि अक्षरं कारखान्यातूनच छापलेली असतात आणि छपाई सुरेख आहे. सगळ्यात बारीक ओळीही भिंगाखाली स्वच्छ वाचता येतात. दरवाजे, छतावरून चालायची पट्टी म्हणजे रनिंग बोर्ड, फ्लोअर, अंडरफ्रेम, पोलादी पट्टीचं वजन, ब्रेकचे मुख्य भाग आणि हँडब्रेकचं चाक सुटं मिळतं. सोबत बेटेनडॉर्फ धाटणीचे ट्रक (चाकांचे आस धरणाऱ्या बोगी), प्लॅस्टिकची चाकं आणि वाघिणी एकमेकींना जोडणारे अ‍ॅक्युमेट कपलर. नुसतं जोडायचं तर अर्ध्या तासाचं काम. शिड्या आणि हाताने धरायच्या दांड्या, म्हणजे ग्रॅब आयर्न, बॉडीवरच ओतलेल्या आहेत. स्वस्ताईची किंमत इथे मोजावी लागते.

ही बॉडी युद्धोत्तर एएआर (अमेरिकी रेल्वे कंपन्यांची संघटना) नमुन्याच्या वाघिणीची आहे. तिची टोकं 'इम्प्रूव्ह्ड ड्रेडनॉट' म्हणतात त्या घडणीची आहेत आणि ही घडण १९४० च्या दशकाच्या मध्यापासूनच दिसू लागते. हेच शरीर अनेक रेल्वे कंपन्यांच्या रंगांत विकलं जातं, आणि त्यातल्या प्रत्येक कंपनीकडे हुबेहूब अशीच वाघीण होती असं समजू नये. विकत घेण्याआधी त्या क्रमांक-मालिकेचा जुना फोटो मिळवा आणि चार गोष्टी ताडून पाहा: टोकावरच्या पन्हळ्या, दरवाजाची घडण, बाजूच्या पत्र्यांचे जोड रिव्हेटचे की वेल्डिंगचे, आणि छतावरच्या पत्र्यांचे उठाव. फोटोत पुलमन-स्टँडर्डची पीएस-१ दिसली तर या बॉडीवर वेळ घालवू नका. पीएस-१ ही १९४७ पासून लाखाच्या वर बनली, पण तिची टोकं आणि छत त्या कंपनीच्या स्वतःच्या घडणीचं आहे आणि बाजू वेल्डिंगच्या. तिच्यासाठी केडीचं मॉडेल आहे. दरवाजा वेगळा निघाला तर तेवढा बदलता येतो, टोकं वेगळी निघाली तर मात्र बदलण्याची खटपट किटच्या किमतीला शोभत नाही.

आता तारखा. समजा दृश्य ऑक्टोबर १९५५ चं आहे आणि वाघिणीवर बांधणीची तारीख मे १९४८ ची आहे. दाराच्या डावीकडे गाडीक्रमांकाखाली तीन आकडे असतात: क्षमता, भाराची मर्यादा आणि रिकामं वजन. ५० टनी वाघिणीची क्षमता १,००,००० पाउंड. त्या काळात भाराची मर्यादा आणि रिकामं वजन यांची बेरीज १,६९,००० पाउंड यायला हवी, कारण त्या मापाच्या आसांना रुळावर एकूण तेवढाच भार मंजूर होता. रिकामं वजन ४५,८०० असेल तर मर्यादा १,२३,२०० असणारच. रिकाम्या वजनाशेजारी 'न्यू' आणि बांधणीचा महिना-साल छापलेलं असतं. पण दर काही वर्षांनी वाघीण पुन्हा काट्यावर जायची. जुने आकडे रंगाखाली जायचे, नवे आकडे यायचे आणि 'न्यू'च्या जागी वजन केलेल्या ठिकाणाची सांकेतिक अक्षरं व तारीख लिहिली जायची. म्हणजे १९४८ ची वाघीण १९५५ मध्ये 'न्यू ५-४८' मिरवत फिरत असेल, तर तिथेच चूक झाली.

ही दुरुस्ती दाखवायची रीत अशी. आधी सगळी बाजू फिकट करून घ्यायची, मग त्या आकड्यांपुरती मास्किंग टेपची चौकट लावून मूळ गडद रंगाचा एक पातळ हात मारायचा. त्यावर नव्या वजनाचं आणि तारखेचं डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील अक्षरं). क्रम उलटा करून ठिगळावरही फिका हात गेला, तर ठिगळ दिसतच नाही. खऱ्या वाघिणीवर ठिगळ नवं आणि भोवतालचा रंग जुना असतो, आणि दोघांमधला तो फरकच वाघिणीचं वय सांगतो. रिकाम्या वजनाचं डिकल बदललं की भाराच्या मर्यादेचंही बदला आणि बेरीज पुन्हा करून पाहा.

बाजूच्या खालच्या कडेला दुसरं छोटं ठिगळ असतं ते रीपॅकचं. त्या काळच्या बहुतेक मालवाघिणींच्या आसांना साधे बेअरिंग होते. आसाच्या टोकाच्या पेटीत तेलात भिजवलेला सुताचा चोथा भरलेला असायचा आणि तो ठरावीक मुदतीने बदलून तारीख लिहायची. मॉडेलवर ही तारीख आपल्या दृश्याच्या आधीच्या वर्षभरातली धरली की निभावतं. वजनाच्या आणि रीपॅकच्या तारखांचे तयार डिकल सेट मिळतात. एक सेट बऱ्याच वाघिणींना पुरतो.

त्याच हिशेबाने काय नको तेही ठरतं. १९६७ पासून लागलेल्या रंगीत पट्ट्यांच्या एसीआय (वाघीण आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेच्या) पाट्या, १९७० च्या दशकातल्या काळ्या चौकटींतल्या देखभालीच्या नोंदी, १९७८ मधले चाकतपासणीचे पिवळे ठिपके, यांतलं काहीच १९५५ च्या वाघिणीवर चालणार नाही. उलट दृश्य १९७५ चं असेल तर एसीआय पाटी हवीच. नव्या बॉक्सकारवर रनिंग बोर्ड न लावण्याचा नियम १९६६ चा, जुन्या वाघिणींवरून ते पुढे हळूहळू उतरवले गेले. ब्रेकचं पाहायचं तर १९३३ पासून नव्या वाघिणींना एबी जातीचे हवेचे ब्रेक होते आणि जुन्या के ब्रेकच्या वाघिणी १९५३ च्या मध्यानंतर दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर जाऊ शकत नव्हत्या. किटमध्ये एबीचेच भाग आहेत, म्हणजे ही बाजू बरोबर आहे.

जोडणीत सगळ्यात जास्त फायदा चाकं आणि कपलर बदलून होतो. ३३ इंची चाक या मापात ९.६ मिलिमीटर व्यासाचं येतं. प्लॅस्टिकची काढून तेवढ्याच व्यासाची धातूची बसवा, रुळांवर काळा मळ कमी साचतो. ट्रकमधली आस बसायची टोकदार भोकं ट्रक ट्यूनर नावाच्या हत्याराने दोन-तीन हलक्या फेऱ्यांत साफ करा. जास्त फिरवलं तर आस सैल होतो आणि वाघीण खाली बसते. आसाची लांबी ट्रकला जुळत नसेल तर चाक अडखळतं, म्हणून दोन कंपन्यांची चाकं हाताशी ठेवून पाहावं. अ‍ॅक्युमेट कपलर चालतात, पण लांब गाडी ओढायची असेल तर धातूचे केडी १५८ घ्या. आकारानेही ते खऱ्याच्या जवळ आहेत. उंची केडीच्या २०५ क्रमांकाच्या गेजवर तपासा, कपलर खाली आला तर ट्रक आणि बॉडीच्या मध्ये पातळ फायबर वॉशर घाला.

वजन काट्यावर करा. एनएमआरए या अमेरिकी मॉडेल-रेल्वे संघटनेची शिफारस १ औंस आणि वर दर इंच लांबीला अर्धा औंस अशी आहे. पावणेसहा इंची वाघिणीला साधारण ११० ग्रॅम होतात. कमी पडलं तर शिशाची किंवा पोलादाची पट्टी आतून, दोन्ही ट्रकच्या वर समसमान चिकटवा. सगळं वजन मधोमध ठेवलं की टोकं हलकी राहतात आणि वळणावर चाक रूळ सोडतं.

आता ओतीव दांड्या. माझा सल्ला: बाजूच्या शिड्या राहू द्या. त्या खरवडल्या तर रिव्हेटही जातात आणि छापील अक्षरांना धक्का लागतो. पण बाजूच्या मोकळ्या भागावरच्या आणि टोकांवरच्या सुट्या दांड्या काढाच. दांडीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेपचे दोन थर लावायचे आणि छिन्नीसारख्या सपाट पात्याने वरून पापुद्रे काढत जायचं, एका झटक्यात नाही. दांडीच्या टोकांशी असलेली बोल्टची डोकी शक्यतो वाचवायची. १८ इंची दांडी मापात सव्वापाच मिलिमीटर येते. टिचीच्या तयार फॉस्फर ब्राँझ दांड्या मिळतात, नाहीतर ०.३० मिलिमीटर तारेच्या घरी वाकवता येतात. भोकासाठी ८० नंबरचा, म्हणजे ०.३४ मिलिमीटरचा ड्रिल बिट पिन व्हाइसमध्ये, म्हणजे हाताने फिरवायच्या बारीक पकडीत, लावा. भोक पाडण्याआधी सुईने खूण टोचली नाही तर बिट घसरतो, आणि दाब दिला तर मोडून भोकातच अडकतो. खऱ्या वाघिणीत दांडी आणि पत्रा यांत बोटं जायला अडीच इंच जागा असते. मापात ती ०.७ मिलिमीटर, म्हणून तेवढ्या जाडीची स्टायरीनची पट्टी मागे धरून दांडी बसवायची. फेव्हिक्विकचा थेंब आतून, सुईच्या टोकाने लावायचा. बाहेरून लावला तर सुकताना रंगावर पांढुरकी वाफ बसते.

बॉडीच्या खालच्या पायऱ्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि हाताळताना पहिल्या त्याच मोडतात. ए-लाइनच्या धातूच्या पायऱ्या लावल्या की हा त्रास कायमचा मिटतो. रनिंग बोर्ड जाड आणि आरपार न दिसणारा आहे. युद्धोत्तर वाघिणीवर पोलादी जाळीचा हवा, प्लानोची कोरीव धातूची पट्टी तिथे फारच शोभते. ती फेव्हिक्विकने चिकटवू नका. धातू आणि प्लॅस्टिक उष्णतेने वेगवेगळं फुगतं, कडक सांधा तडकतो आणि पट्टीला पोक येतो. लवचीक राहणारा कॅनोपी ग्लू वापरा.

ब्रेकचे भाग चिकटवण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा: हँडब्रेक असलेल्या टोकाला बी टोक म्हणतात, आणि ब्रेक सिलिंडरचा दांडा त्याच दिशेला सरकतो. चाक एका टोकाला आणि सिलिंडरचं तोंड दुसऱ्या टोकाकडे अशी उलटी जोडणी कितीतरी मॉडेलांत दिसते. नळ्या दाखवायच्या तर एबी व्हॉल्व्हपासून मुख्य अशा चार निघतात: एक मुख्य ब्रेक पाइपकडे, एक सिलिंडरकडे आणि दोन टाकीच्या दोन कप्प्यांकडे. मुख्य पाइपला ०.५ मिलिमीटर तार, बाकीच्यांना ०.३० पुरते. वाघीण रुळावर उभी असताना बाजूने दिसतं ते मुख्य पाइप, टाकी, सिलिंडर आणि एखादा लीव्हर. एवढं केलं तरी चालतं. दोन्ही टोकांना रबरी एअर होज मात्र हवेत, ते कपलर सोडवायच्या दांडीच्या विरुद्ध बाजूला येतात.

रंगकामाला आधी सगळ्या बॉडीवर मॅट क्लिअरचा, म्हणजे बिनचमकीच्या पारदर्शक वॉर्निशचा, हात द्या. गुळगुळीत प्लॅस्टिकवर धूळ-काजळी दाखवायची रंगीत पावडर टिकत नाही. मग मूळ तपकिरी-लाल रंगात थोडा फिका बदामी मिसळून, एक भाग रंग आणि नऊ भाग पातळक असा जवळजवळ पाण्यासारखा हात एअरब्रशने. पांढरी अक्षरं याच हाताने मंद होतात. अक्षरं झळझळीत आणि पत्रा फिका असं दिसत असेल तर हात कमी पडला आहे. एअरब्रश नसेल तर पॅनपेस्टलचा फिका रंग स्पंजने वरून खाली पुसत न्या, परिणाम उत्तम मिळतो. नंतर ऑइल पेंटचा गडद तपकिरी ठिपका रिव्हेटच्या रांगेत आणि दाराच्या पट्ट्यांशी ठेवून, पातळकात जेमतेम ओल्या केलेल्या सपाट ब्रशने सरळ खाली ओढायचा. ओघळ तिरका गेला की तो खोटा दिसतो, पावसाचं पाणी सरळच उतरतं.

छतावर सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण मांडणीवरची वाघीण आपण वरूनच पाहतो. त्या काळच्या अनेक वाघिणींचे छताचे पत्रे जस्ताचा मुलामा दिलेले होते. त्यावर रंग नीट धरायचा नाही, काही वर्षांत पोपडे निघायचे आणि खालचं राखाडी जस्त उघडं पडायचं. पत्र्यांच्या जोडांवरच्या पट्ट्यांना पुष्कळदा मुलामा नसायचा, म्हणून त्यांच्यावर रंग टिकून राहायचा. मॉडेलवर पत्र्यांचे चौकोन आधी मंद राखाडी रंगवा आणि मॅट क्लिअरने बंद करा. मग हेअरस्प्रेचे दोन हात आणि वर वाघिणीचा अ‍ॅक्रिलिक रंग. रंग हाताला सुकला की, फार तर तासाभरात, कोमट पाण्याने भिजवून आखूड ब्रशने घासायचं. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर रंग सुटत नाही. प्रत्येक चौकोनात पोपडे वेगळे आले पाहिजेत, जोडपट्ट्यांना हात लावायचा नाही. इथे गंजाचा नारिंगी रंग घालायचा मोह होतो, तो टाळा. जस्त शाबूत आहे तोवर पत्रा गंजत नाही. वरून वाफेच्या इंजिनांची काजळी म्हणून काळपट पावडर अगदी हलकी.

टोकांवर कपलरच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या रेषेत, चिखलाचे दोन उभे पट्टे येतात. ओल्या रुळावरून चाकं पाणी उडवतात त्याचे ते डाग. खाली गडद, वर जाता जाता विरळ. हा तपशील फार थोडे जण करतात, आणि टोकाला त्याने लगेच जिवंतपणा येतो. चाकांबद्दलही असंच: साध्या बेअरिंगच्या पेटीतून गळणारं तेल चाकाच्या तोंडावर पसरतं, त्यावर धूळ बसते, म्हणून चाकाचं तोंड काळपट-तेलकट हवं. नारिंगी गंजलेलं चाक रोलर बेअरिंगच्या काळातलं. रुळाला टेकणारा भाग चकचकीत राहू द्या. ट्रकच्या बाजू शुद्ध काळ्या नकोत, तपकिरी-राखाडी धूळ चढवा.

१९४८ च्या वाघिणीवर १९५५ मध्ये गंज कुठे? दाराच्या उंबऱ्याशी, कडीजवळच्या ओरखड्यांत, पायऱ्यांवर, खालच्या कडेच्या खाचांत. बस्स. यार्डातल्या कारकुनांच्या खडूच्या खुणा पांढऱ्या रंगीत पेन्सिलीने, उभ्या माणसाचा हात पोचेल त्याच उंचीवर. दारावरच्या लाकडी फळीवर चिठ्ठ्या म्हणून कागदाचे दोन बारीक कपटे.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. लॅकर जातीच्या मॅट क्लिअरवर स्पिरिट किंवा आयसोप्रोपिलची शाई-वॉश लावली की पृष्ठभाग पांढरा पडतो. वर पुन्हा मॅट क्लिअरचा हात दिला की बहुधा तो जातो. दुसरं, पावडरवर क्लिअर मारलं की निम्मी पावडर गायब झाल्यासारखी वाटते, म्हणून हवी त्यापेक्षा थोडी गडद लावा किंवा शेवटचा थर उघडाच ठेवा आणि वाघीण ट्रकला धरून उचला. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे बाहेर काढूच नका, दमट हवेत तो फवारतानाच पांढरट होतो. अ‍ॅक्रिलिक मॅट ब्रशने लावलेलं परवडलं.

पुण्या-मुंबईत हे किट सहजी मिळत नाही. अमेरिकेतून कुणी येणार असेल तर खोका लहान आणि हलका आहे, पण सांगताना यादी एकदमच द्या: किट, ३३ इंची धातूची चाकं, केडी १५८, टिचीच्या दांड्या, ए-लाइनच्या पायऱ्या, रनिंग बोर्ड, तारखांचं डिकल. स्प्रेचे डबे विमानात नेऊ देत नाहीत, क्लिअर इथेच घ्या. आणि एकाच क्रमांकाच्या दोन वाघिणी मागवू नका, अंक बदलण्याचं काम नवीन किट जोडण्यापेक्षा किचकट आहे.